दोन बोटांची फट

कटिंग मास्तरचा विषय निघाला की माझी मावशी गप्प बसते. मी बसत नाही. मी त्याला आजही मनापासून शिव्या देते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही एकाच बाजूने बोलते. हो, एकाच बाजूने बोलते. दुसरी बाजू सांगायला त्याला तोंड आहे, आणि ते केवढं आहे हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे भरल्या अंगाच्या बायकांचे तयार कपडे शिवले जातात. मी तपासणीच्या टेबलावर असते. लोंबणारे दोरे कापायचे, शिलाई कुठे सुटली आहे का बघायचं, बटणं ओढून पाहायची. मावशीचं काम निराळं होतं. मावशी उभी राहायची. नवा नमुना निघाला की मास्तर तो तिच्या अंगावर चढवायचा, टाचण्या लावायचा, खडूने खुणा करायचा, आणि तिला नीट बसला की नमुना पास. पुढचे सगळे मोठे साइज तिच्या मापावरून वाढवत न्यायचे. म्हणजे आमच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या मुळाशी माझ्या मावशीची छाती, कंबर आणि सीट होती. कागदोपत्री ती हेल्पर होती. पुतळ्याला हुद्दा कोण देणार?

मापांचा एक तक्ता भिंतीवर होता, पण तो पिवळा पडला होता आणि मास्तर त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. "कागद कोरड्या हवेत आकसतो, बाई आकसत नाही," हे त्याचं वाक्य. टेप त्याच्या गळ्यात कायम लटकलेली, पण ती कापडासाठी. मावशीला त्याने कधी टेप लावली नाही. तिच्या कमरेशी कापडात तो दोन बोटं सरकवायचा. बोटं सहज गेली, पण त्याहून जास्त फट राहिली नाही, की "बरोब्बर!" असं ओरडायचा. त्या दोन बोटांचा त्याला केवढा गर्व! आलेल्या-गेलेल्याला बोटं उंच करून दाखवायचा.

आणि मावशीला तो बसू द्यायचा नाही. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळेतसुद्धा नाही. "बसलीस की पसरशील, मग माझं माप बिघडेल," असं म्हणायचा आणि सगळे हसायचे. मावशीही हसायची. मला तेव्हा तिचाच राग यायचा.

मग आजी गेली. आजी म्हणजे मावशीची आई. आम्ही तिघी दोन खोल्यांत राहत होतो. शेवटच्या आजारपणात मावशीनेच तिचं सगळं केलं. नंतर कितीतरी दिवस मावशीच्या घशाखाली घास उतरेना. कामावर परत आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. मास्तरने तिच्यावर अर्धवट राहिलेला एक कुर्ता चढवला. तो कमरेशी ढगळ झाला. मास्तरने ते जास्तीचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून सगळ्यांसमोर हलवून दाखवलं आणि म्हणाला, "हे काय? दुःख करायचं ते घरी कर. इथे माप सांभाळ."

आजीबद्दल एक अक्षर नाही. उलट माणूस पाठवून खालून खायला मागवलं आणि मावशीला उभ्या-उभ्या खायला लावलं. ती खात होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मास्तर मालकाला सांगत होता, "बाई आकसली होती, पण मी आहे ना! आठवड्यात पुन्हा भरतो." मला वाटलं, हातातली कात्री घेऊन उठावं. उठले नाही. पोटासाठी काय काय गिळावं लागतं, ते त्या दिवशी आम्ही दोघींनी पाहिलं. तिने घास गिळले, मी राग.

मावशीने मात्र राग गिळला नाही. तिने डूख धरला. त्या संध्याकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "ह्याला मी ह्याच्याच दोन बोटांनी मारणार."

"म्हणजे कशी?"

"अगं, त्याची बोटं फट मोजतात, बाई मोजत नाहीत. मी हळूहळू बारीक होत गेले, तर तो कापड हळूहळू टाचत जाईल. फट तेवढीच राहील. त्याला वाटेल, बरोब्बर! माल घट्ट निघेल, दुकानातून परत येईल, आणि मालक त्याची गचांडी धरेल."

मी तोंडात बोट घातलं. इतकी वर्षं जिला हलायची परवानगी नव्हती, ती उभ्या-उभ्या एवढा विचार करत होती!

आता प्रश्न होता, बारीक व्हायचं कसं. उपाशी राहून चालणार नव्हतं. भरभर उतरलं की दिसतं, हे आजीच्या वेळी कळलंच होतं. शिवाय डबा सगळ्यांसमोर उघडायचा, तो भरलेलाच हवा. तेव्हा रात्रीचं खाणं थोडं आवरायचं आणि बाकी सगळं व्यायामावर. पण कुठला व्यायाम? जगात वजन कमी करण्याचा सल्ला जितका फुकट मिळतो तितकं दुसरं काहीच मिळत नाही. शेजारीण म्हणाली दोरीवरच्या उड्या. मावशीने खोलीत उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि त्यांच्या छताचा चुना मुठीत घेऊन दाखवून गेले. मग तिने पळून पाहिलं. गुडघ्यांनी असा काही सूड घेतला की मास्तर परवडला. मग पोहायला गेली. पाण्यात तिला फार सुख वाटायचं. वर्षानुवर्षं सगळा भार पायांवर घेऊन उभी राहिलेली बाई ती, पाण्याने तो भार उचलला. पण बाहेर आली की अशी भूक लागायची की माझ्या वाटचंही जेवायची. वजनाचा काटा हलेना. "सुख नकोय मला, माप हवंय," म्हणून तिने तेही सोडलं.

शेवटी आम्ही एका जिममध्ये गेलो. तिथला ट्रेनर दंड फुगवून उभा होता, पण पोरगा सरळ होता. मावशीने त्याला विचारलं, "फक्त कंबर आणि सीट कमी करायची आहे. चेहरा नको, हात नकोत. कुठला व्यायाम करू?"

तो हसला. "काकू, चरबी आपलं ऐकून जात नाही. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच जाईल असं नसतं. अंगभर जाते, तिच्या मर्जीने. बहुतेकदा चेहऱ्यावरून आधी दिसतं."

"मग सगळ्यात चांगला व्यायाम कुठला?"

"जो तुम्ही कंटाळा न करता रोज कराल तो. भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागू दे. आणि आठवड्यातून एक-दोनदा थोडी वजनं उचला, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाईल. पण लोक दोन महिन्यांत सोडून देतात."

"मी नाही सोडणार."

"सगळे असंच म्हणतात, काकू. तुमचं कारण काय? लग्नकार्य? डॉक्टर?"

"एका माणसाचं वाटोळं करायचंय," मावशी म्हणाली. तो पोरगा पुन्हा हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे.

वजनं तिने हलकीच उचलली. हात पिळदार झाले असते तर बाही घट्ट झाली असती, काखेपाशी मुंढा काचला असता, आणि मास्तरच्या लक्षात आलं असतं. चालणं मात्र तिने असं धरलं की काय सांगू. कामावर जायचा सरळ रस्ता सोडून ती टेकडीवरून वळसा घालून जायला लागली. मी सोबत जायचे. मला धाप लागायची, तिला नाही. ती मास्तरला मनात शिव्या देत चालायची. कधी चढावर थांबावंसं वाटलं तर मी फक्त म्हणायचे, "इथे माप सांभाळ," की बाई पुन्हा निघाल्याच! लोक व्यायामासाठी गाणी ऐकतात. आमच्याकडे हे एक वाक्य पुरत होतं.

चेहरा खरंच आधी उतरला. मग मावशीने घट्ट अंबाडा सोडून केस गालांवर येतील असे बांधायला सुरुवात केली. स्वतःचे कपडे जुनेच, ढगळ. मास्तरने एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "केस बदललेस वाटतं? बरी दिसतेस." एवढंच. मग कमरेशी बोटं सरकवली आणि ओरडला, "बरोब्बर!" मी दोरे कापता कापता मान खाली घालून हसले. इतकं गोड मी आयुष्यात हसले नव्हते.

हंगाम बदलले, नवे नमुने निघत गेले, आणि प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा किंचित अरुंद. तपासणीच्या टेबलावर कपडा पसरला की मला ते हाताला कळायचं. मी काही बोलले नाही. माझं काम दोरे कापायचं, ते मी चोख करत होते. कापड कमी लागतंय म्हणून मालक खूश, आणि मास्तर ते श्रेय स्वतःच्या कटिंगला देत होता. आपल्या हाताने खड्डा खणावा आणि वर त्याची बक्षिसी घ्यावी, तसं चाललं होतं.

मग माल परत यायला लागला. थोडा, मग पोतीच्या पोती. मास्तरची झोप उडाली. एका सुट्टीच्या दिवशी मावशी म्हणाली, "चल, दुकानात जाऊ. आपलं काम कसं झालंय ते बघू." आम्ही सिनेमाला निघाल्यासारख्या नटून गेलो.

दुकान मोठं होतं, आमचा सगळ्यात जास्त माल तिथेच जायचा. कपडे घालून बघायच्या खोल्यांबाहेर एक बाक होता, त्यावर आम्ही बसलो. एका पडद्याआड कुणी बाई आमचा निळा कुर्ता घालून बघत होती. बराच वेळ कापड ओढल्याचा आवाज येत होता. बाहेर तिची मुलगी उभी होती, शाळकरी. ती म्हणाली, "आई, मोठा आणू का?"

"नको," आतून आवाज आला. "हाच माझा साइज आहे. इतकी वर्षं हाच घेते मी."

मग ती बाहेर आली. गळ्याशी लाल झाली होती, केस विस्कटलेले. कुर्ता तिने नीट घडी घालून मुलीच्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "मग परवा मुलाखतीला काय घालणार?"

"जातच नाही मुलाखतीला," बाई म्हणाली. "इतकी फुगलेय मी, आणि मला पत्ता नाही. कोण नोकरी देणार? आधी कमी होते, मग बघू." तिने ते हसून म्हटलं, मुलीसाठी. त्या हसण्याकडे मला बघवेना.

मावशी दगडासारखी बसून राहिली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी! बाण मास्तरवर सोडला होता आणि तो जाऊन लागला ह्या बाईला, जिने आमचं काही म्हणजे काहीही वाकडं केलं नव्हतं. मावशी एकदम उठली आणि तिच्यामागे धावली. रस्त्यावर गर्दी होती. टेकडी चढून कमावलेला सगळा वेग तिने पणाला लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं, पण ती माय-लेक सापडली नाही. परत आली तेव्हा मी म्हटलं, "जाऊ दे गं." ती माझ्या अंगावर ओरडली, "काय जाऊ दे?"

दुसऱ्याच दिवशी त्या दुकानाच्या मालकीणबाई कारखान्यात आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या स्वतः चांगल्या भरल्या अंगाच्या. परत आलेल्या कपड्यांचा ढीग त्यांनी मालकाच्या टेबलावर ओतला. "हे काय चाललंय? माझी गिऱ्हाइकं रडत परत जातात."

मावशी कडेला उभी होती. तिला हवा होता तो दिवस आला होता. आता मालक मास्तरची गचांडी धरणार, असं मला वाटलं.

पण मास्तर कसला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कपड्यात खोट नाही. बायका फुगल्यात. आजकाल बसून खातात, मग कपड्याच्या नावाने बोंब."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "कशावरून खोट नाही?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? ए, ये इकडे." त्याने मावशीला बोलावलं, ढिगातला निळा कुर्ता उचलून तिला घालायला लावला. तो तिला चपखल बसला. कमरेशी दोन बोटं सरकवली. "बघा. बरोब्बर! वर्षानुवर्षं हेच माप. ही कधी बदलत नाही. बदलल्यात त्या तुमच्या बायका."

मालकाने मान डोलावली. मावशीच्या अंगाला त्याने स्वतःचा साक्षीदार केलं होतं. ती गप्प राहिली असती तर मास्तर सुटला असता, तिची नोकरी राहिली असती, आणि सगळ्या बायका आरशासमोर उभ्या राहून स्वतःलाच दोष देत बसल्या असत्या. बोलली असती तर तिची नोकरी गेलीच. बारीक झालेला पुतळा कुणाला हवा?

"मास्तर," मावशी म्हणाली, "टेप लावा."

"काय?"

"गळ्यात आहे ना? ती मला लावा."

तो हसला. "माझ्या बोटांना कळतं, टेप कशाला?"

"लावा," मॅडम म्हणाल्या.

त्याने टेप तिच्या कमरेभोवती घेतली आणि बघितलं. पुन्हा सरळ करून बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"मोठ्याने वाचा," मावशी म्हणाली.

तो टेप काढायला लागला. मॅडमनी ती तिथेच धरली आणि वाकून आकडा स्वतः वाचला. मी टेबलावरून उठले, भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेले आणि तिथला आकडा खणखणीत वाचला. कात्री न घेता उठायला मला इतके दिवस लागले. दोन आकड्यांत अख्ख्या साइजचा फरक होता. शिलाईची मशिनं एकेक करून थांबली.

मालक मावशीवर धावून आला. "तू आम्हाला फसवलंस!"

"मी चालत होते, साहेब," मावशी म्हणाली. "टेकडीवरून, रोज. चालायला कुठे बंदी आहे? माझी आई गेली तेव्हा ह्यांनी मला चिमटीत धरून हलवलं. त्याऐवजी एकदा टेप लावली असती तर हे झालं नसतं. मी मुद्दाम केलं. पुन्हा विचाराल तर पुन्हा सांगेन, मुद्दाम केलं."

"तुझं माप आता आमच्या कामाचं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"माहीत आहे." तिने आडोशाला जाऊन निळा कुर्ता बदलला, परत येऊन खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर तिच्यावर बसली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती.

मॅडम इतका वेळ मास्तरकडे बघत होत्या. त्या मालकाला म्हणाल्या, "सगळा माल बदलून द्यायचा. आणि बदलून द्यायला माझ्या दुकानात ह्या मास्तरांना पाठवायचं. जी बाई कपडा परत आणेल तिला हे स्वतःच्या तोंडाने सांगतील की कपडा चुकला, तुमचं अंग बरोबर आहे. जमत नसेल तर तुमचा माल बंद." मालकाने मास्तरकडे पाहिलंही नाही. जमेल म्हणाला.

तर अशी आमच्या मास्तरची वरात दुकानात निघाली. काउंटरमागे खुर्ची ठेवली होती, पण मॅडमनी त्याला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकाशी उभं राहून बोलायचं असतं म्हणे. बायका रांगेत यायच्या आणि तो प्रत्येकीला सांगायचा, "बाई, कपडा चुकला. तुमचं अंग बरोबर आहे." काही जणी हसायच्या, काही दोन शब्द सुनवायच्या, एक तर डोळे पुसत म्हणाली, "अहो, मी महिनाभर जेवले नाही." मास्तरची मान खाली. मी काम सुटलं की धावत जायचे आणि ते वाक्य कानात साठवून घ्यायचे. पोट भरायचं नाही.

मावशी तर रोज दुकान उघडल्यापासून त्या बाकावर बसलेली. नोकरी नव्हती, वेळच वेळ. मला वाटलं, बाई चांगली वसूल करतेय. हळूहळू माल परत यायचा थांबला, आणि मॅडमनी सांगितलं की आता हे काउंटर बंद करायचं. त्या संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, "चल आता. पाहिलंस ना त्याला डोळे भरून?"

"त्याला कोण बघतंय?" ती म्हणाली. "मी दार बघतेय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलाखतीला न गेलेली ती बाई आली नव्हती. ती कशाला येईल? तिने कुर्ता विकतच घेतला नव्हता.

मावशी उठली, परत आलेल्या ढिगातला एक निळा कुर्ता उचलला आणि काउंटरपाशी गेली. मास्तर पिशवी भरत होता. तिने कुर्ता त्याच्यासमोर ठेवला. "म्हणा."

"तुला कशाला?" तो पुटपुटला. "तुला बसतो तो."

"माझ्यासाठी नाही. एका बाईच्या वाटचं राहिलंय. म्हणा. मोठ्याने."

मास्तरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, कपडा चुकला. तुमचं अंग बरोबर आहे."

मावशी दाराकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.